ब्रेड भांड्यात भरपूर फुगतो आणि ओव्हनमध्ये बसतो, यीस्ट अजून वाढवू का?

मृण्मयी_२२
गेले चार शनिवार ब्रेड करतेय आणि चारही वेळा एकच गोष्ट. भांड्यात पीठ तासाभरात दुपटीच्या वर जातं, डब्यात घातल्यावर पण काठाच्या वर येतं, छान घुमट दिसतो, मग ओव्हनमध्ये ठेवला की दहा मिनिटांत मध्ये खड्डा. कापल्यावर वरच्या सालीखाली मोठी पोकळी आणि खाली चिकट दाट थर. वासही उग्र येतो, आंबूस म्हणता येईल असा.

प्रमाण देते: मैदा ५०० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट, साखर ५० ग्रॅम, कोमट दूध ३२० ग्रॅम, बटर ४० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम. यीस्ट पहिल्यांदा ७ ग्रॅम घेतलं होतं, बसला म्हणून १० केलं, मग १४. आणि मीठ यीस्टला मारतं असं वाचलं म्हणून ते निम्म्यावर आणलं. तरी तेच. आता यीस्ट १८ करू का की ब्रँड बदलू? ओव्हनचा दिवा लावून आत ठेवते फुगायला, म्हणजे ऊब कमी पडत नाहीये.

नवखा
वाचतोय. माझाही अस्साच खड्डा पडतो.

चिमूटभर
यीस्ट जुनं असेल. कोमट पाण्यात साखर घालून दहा मिनिटं ठेवून बघ, फेस आला तर जिवंत.

तिंबणारी
@चिमूटभर, अगं तासात दुप्पट होतंय म्हणतेय ती, यीस्ट मेलेलं असतं तर पीठ हललंच नसतं. माझ्या मते मळणं कमी पडतंय. मैदा सैल असताना हाताने किमान बारा-पंधरा मिनिटं तिंबायला हवा. एक लिंबाएवढा गोळा घेऊन बोटांनी हळूहळू ताणायचा, पातळ पडदा होऊन पलीकडचा उजेड दिसला आणि फाटला नाही तर झालं. माझा ब्रेड सहा महिने असाच बसायचा, आणि सहा महिने मी यीस्टलाच दोष देत होते.

पहाटपाळी
अकरा वर्षं बेकरीत पहाटेच्या पाळीला होतो म्हणून लिहितो. मृण्मयीताई, यीस्ट वाढवू नका, कमी करा. १४ ग्रॅम म्हणजे मैद्याच्या २.८ टक्के झालं, साध्या ब्रेडला इन्स्टंट यीस्ट १ टक्का पुरतं, म्हणजे ५ ग्रॅम. तुमचं पीठ फुगत नाही असं नाहीये, ते ओव्हनमध्ये जाण्याआधीच सगळं फुगून संपलंय. आम्ही याला "पीठ उतरलं" म्हणायचो.

ब्रेड वर यायला दोन गोष्टी लागतात. आत गॅस तयार व्हायला हवा आणि तो आत धरून ठेवायला हवा. यीस्ट फक्त पहिलं काम करतं. धरून ठेवायचं काम ग्लुटेनचं. गव्हात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन अशी दोन प्रथिनं असतात, पाणी आणि मळणं मिळालं की ती एकमेकांत गुंतून जाळं तयार होतं. ग्लुटेनिनमुळे ताकद येते, ग्लायडिनमुळे ताण देता येतो. हे जाळं एका मर्यादेपर्यंतच ताणलं जातं, त्यापुढे भिंती इतक्या पातळ होतात की ओव्हनमधल्या पहिल्या धक्क्यालाच फुटतात. मग खड्डा.

आणि मीठ निम्मं केलंत ते तर उलटं झालं. मीठ यीस्टचा वेग आवरतं हे खरं, पण ते हवंच असतं तसं. शिवाय मिठाने ग्लुटेन घट्ट होतं. मैद्याच्या १.८ ते २ टक्के, म्हणजे तुमच्या ५०० ला ९ ते १० ग्रॅम. कमी मिठाचं पीठ हाताला चिकट, ढिलं लागतं, आठवून बघा तसं लागत होतं का.

मृण्मयी_२२
हो!! अगदी तस्संच, आणि मी त्यात दर वेळी वरून मैदा भुरभुरत होते.

चिमूटभर
मग मीठ यीस्टला मारतं हे खोटं का? मी कायम भांड्याच्या एका बाजूला मीठ आणि दुसऱ्या बाजूला यीस्ट घालते.

रसायन
थेट ढीग करून तासभर एकावर एक ठेवलंत तर त्रास होईल. ताज्या, वडीच्या यीस्टवर मीठ भुरभुरलं तर ते पाणी सोडून पातळ होतं, पेशीतलं पाणी मीठ ओढून घेतं म्हणून. पण ५०० ग्रॅम मैद्यात पसरलेलं ९ ग्रॅम मीठ यीस्टला मारत नाही, मंद करतं. दोन बाजूंना घालायची सवय चांगलीच आहे, पण दोन मिनिटांनी ते मिसळणारच आहे.

साखरेचंही असंच आहे आणि ते कुणी बोललं नाही अजून. थोडी साखर, ५ टक्क्यांपर्यंत, यीस्टला वेग देते. १० टक्क्यांच्या पुढे गेलं की तीच साखर पेशीतलं पाणी बाहेर ओढायला लागते आणि यीस्ट मंदावतं. म्हणून गोड पावांसाठी जास्त साखर सोसणारं वेगळं इन्स्टंट यीस्ट मिळतं. मृण्मयीची साखर बरोबर १० टक्के आहे, म्हणजे काठावर.

आणि साखर नसली तरी यीस्ट उपाशी राहत नाही. मैद्यात थोडी मोकळी साखर असतेच, वर पिठातलं अमायलेज हे एन्झाइम स्टार्च तोडून माल्टोज देत राहतं. मैदा, पाणी, मीठ, यीस्ट या चारच गोष्टींत उत्तम ब्रेड होतो.

चिमूटभर
साखरेशिवाय यीस्ट उठतं हे मी बघितलेलं नाही, पण आता दोन ग्लास घेऊन करूनच बघते.

सावकाश
माझं मत वेगळं आहे जरा. सगळे मळण्यावर आणि यीस्टवर बोलताय पण वेळ हा घटक कुणी धरत नाही. मी ५०० ग्रॅमला १ ग्रॅम, म्हणजे पाव चमच्याच्या आसपास इन्स्टंट यीस्ट घेतो, चमच्याने नुसतं कालवतो, मळत नाहीच, पाणी सढळ घालतो, आणि झाकून रात्रभर बारा-चौदा तास ठेवून देतो. सकाळी जाळं आपोआप तयार असतं. पिठातली प्रथिनं पाणी पिऊन स्वतःच जुळतात, यीस्टचे बुडबुडे आतून हळूहळू ताणत राहतात, आणि चव तर तासाभराच्या ब्रेडला येणं शक्यच नाही कारण आम्लं आणि सुगंधी द्रव्यं तयार व्हायला वेळच लागतो.

रेमों काल्व्हेल म्हणून फ्रान्समधले बेकिंगचे प्राध्यापक होते, त्यांनी १९७४ मध्ये ऑटोलीज ही पद्धत मांडली ती याच विचारातली: आधी फक्त पीठ आणि पाणी कालवून वीस-तीस मिनिटं सोडून द्यायचं, मग बाकीचं घालून मळायचं. मळणं निम्म्यावर येतं.

तिंबणारी
@सावकाश, पटतंय पण तुमचा ब्रेड गोल, जाड सालीचा, मोठ्या भोकांचा होत असणार. मृण्मयीला डब्यातला मऊ, बारीक जाळीचा हवाय, त्यात दूध आणि बटर आहे, त्याला मळणं लागतंच.

सावकाश
हे मान्य. दोन वेगळे ब्रेड आहेत.

ओव्हनवाली
बटरवरून आठवलं. बटर मी सुरुवातीला सगळ्याबरोबर घालायचे, आता मळून पाच-सात मिनिटं झाल्यावर मऊ बटर थोडं थोडं घालते. स्निग्ध पदार्थ आधीच घातला तर प्रथिनांवर त्याचा लेप बसतो आणि जाळं जुळायला उशीर होतो. नंतर घातलं की पीठ दोन मिनिटं भयंकर निसरडं होतं, वाटतं बिघडलं आता, घाबरायचं नाही, परत एकत्र येतं. ४० ग्रॅम म्हणजे ८ टक्के, त्याने ब्रेड उलट जास्त फुलतो आणि मऊ राहतो.

दूध पण एकदा उकळी येईस्तोवर तापवून गार केलेलंच घ्यायचं. कच्च्या दुधातली काही प्रथिनं ग्लुटेन ढिलं करतात, तापवलं की ती निष्प्रभ होतात. मला फरक स्पष्ट दिसला, कमी तापलेल्या दुधाचा ब्रेड बोटभर बुटका.

नवखा
बाजूला जातोय, पण विचारतो. दालचिनी घालून ब्रेड केला, तीन तास झाले तरी पीठ ढिम्म. यीस्ट तेच, आदल्या दिवशी चांगलं चाललं होतं.

रसायन
किती घातली दालचिनी?

नवखा
दोन मोठे चमचे भरून, पिठातच.

रसायन
तेच कारण. दालचिनीचा वास ज्या सिनमाल्डिहाइडमुळे येतो ते यीस्टची वाढ रोखतं. चिमूटभर चालते. जास्त हवी असेल तर पीठ लाटून वर साखरेबरोबर पसरायची आणि गुंडाळी करायची, म्हणजे ती पिठात मिसळत नाही.

कच्च्या लसणाचं उलटं, तो यीस्टपेक्षा ग्लुटेनला त्रास देतो, त्यातली गंधकाची संयुगं जाळ्याचे सांधे सोडवतात आणि पीठ पातळ चिकट होतं. भाजून घातला तर चालतो. कच्चा अननस, पपई, किवी यांत तर प्रथिनं तोडणारी एन्झाइमं असतात, जाळंच खाऊन टाकतात. शिजवून घ्या, मग काही होत नाही.

तिंबणारी
अननसाचं आत्ता कळलं!! मी तो गोळा टाकून दिला होता, सूप झालं होतं त्याचं.

ओव्हनवाली
माझा मुलगा वाटीवरचं झाकण उचलून बघतो आणि सांगत येतो, "आई, पीठ श्वास घेतंय."

रसायन
@ओव्हनवाली, बरोबर सांगतो तो! मळताना पिठात जी हवा शिरते तिच्यातला ऑक्सिजन यीस्ट पहिल्या काही मिनिटांत खरोखर श्वासासाठी वापरून टाकतं. तो संपला की मग किण्वन सुरू होतं, साखरेपासून कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल. हे जिवंत पेशींचं काम आहे हे लुई पाश्चर यांनी १८५७ ते १८६० च्या सुमारास दाखवलं, त्याआधी नुसतीच रासायनिक क्रिया समजणारे मोठे शास्त्रज्ञ होते. आणि हेच यीस्ट, सॅकरोमायसिस सेरेव्हिसिए, केंद्रक असलेल्या सजीवांत संपूर्ण जिनोम वाचला गेलेला पहिला सजीव, १९९६ मध्ये. इवलासा जीव आहे, मला त्याचं फार अप्रूप आहे.

अजून एक सुंदर गोष्ट. यीस्ट नवे बुडबुडे तयार करत नाही. बुडबुडे मळतानाच अडकतात, सूक्ष्म, डोळ्यांना न दिसणारे. यीस्टचा गॅस आधी पाण्यात विरघळतो आणि मग त्या आधीच असलेल्या बुडबुड्यांत शिरून त्यांना मोठं करतो. म्हणजे जाळी बारीक होणार की मोठी हे बरंचसं मळताना, आणि मधे पीठ दाबून घडी घालताना ठरतं, कारण दाबल्यावर एका मोठ्या बुडबुड्याचे अनेक छोटे होतात.

चिमूटभर
दोन ग्लास करून बघितले. दोन्हीत कोमट पाणी आणि सारखं यीस्ट, एकात साखर, दुसऱ्यात चमचाभर मैदा. साखरेचा आधी फेसाळला, मैद्याचा मागाहून पण आला! @रसायन, पटलं.

एक मात्र सांगते, माझं यीस्ट जाड दाण्याचं असतं, ॲक्टिव्ह ड्राय. ते पाण्यात भिजवायलाच लागतं ना?

पहाटपाळी
हो, त्याच्या दाण्यावर मेलेल्या पेशींचा थर असतो, भिजवल्याने तो सुटतो. पाणी ४० अंशांच्या आसपास. फार गार पाण्यात भिजवू नका, भिजताना पेशींतून ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ गळतो आणि त्याने ग्लुटेन ढिलं पडतं, पीठ कारण नसताना पातळ वाटायला लागतं. आणि फार गरमही नको, ५५ ते ६० अंशांना यीस्ट मरतं. इन्स्टंटचे दाणे बारीक आणि सच्छिद्र असतात, ते थेट कोरड्या पिठात.

बदली करायची तर साधारण असं धरा: ताजं वडीचं १० ग्रॅम, ॲक्टिव्ह ड्राय ४ ते ५, इन्स्टंट ३ ते ३.५.

मृण्मयी_२२
सगळं वहीत उतरवून घेतेय. दुधाचं तापमान मी बोटाने बघते, छान कोमट लागेल इतकं. त्यात चूक आहे का?

पहाटपाळी
थर्मामीटर आहे का घरी? असेल तर मळून झाल्यावर पिठाच्या गोळ्यात खुपसा आणि आकडा सांगा. आणि ओव्हनमध्ये दिवा लावून अर्ध्या तासाने आतलं तापमान.

मृण्मयी_२२
आज छोटा गोळा करून मोजलं. मळल्यावर पीठ ३३ अंश. दिव्याने ओव्हन आत ३८!

पहाटपाळी
सापडलं. पीठ मळून झाल्यावर २६ च्या जवळ हवं. ३८ अंशांत यीस्ट सुसाट सुटतं, गॅस भराभर तयार होतो, पण जाळ्याला सावरायला वेळ मिळत नाही, आणि तो उग्र वासही तिथलाच. बेकरीत उन्हाळ्यात आम्ही बर्फाच्या पाण्याने मळायचो. हिशोब सोपा आहे. हवं असलेलं तापमान गुणिले तीन, त्यातून खोलीचं, मैद्याचं आणि मळताना वाढणारं तापमान वजा. तुमची खोली ३१ धरू, मैदा ३०, हाताने मळताना ३ अंश वाढतं. २६ गुणिले ३ म्हणजे ७८, वजा ६४, उरले १४. म्हणजे दूध १४ अंशांचं हवं, कोमट नाही, गारच.

तिंबणारी
हा हिशोब मला इतकी वर्षं कुणी सांगितला नव्हता. छापून फ्रिजवर लावतेय.

सावकाश
थंडीत हाच हिशोब उलटा करून पाणी कोमट निघतं. "कोमट दूध घ्या" हे वाक्य थंड हवेत पाककृती लिहिणाऱ्यांचं असणार असं मला नेहमी वाटतं. डोंगरावर, उंचावर राहणाऱ्यांनी अजून एक धरायचं, तिथे हवेचा दाब कमी म्हणून पीठ लवकर फुगतं, यीस्ट पाव हिश्शाने तरी कमी करायचं.

नवखा
पण फुगलं किती हे ओळखायचं कसं? पाककृतीत लिहितात एक तास, तो तास कुणाचा?

ओव्हनवाली
@नवखा, तास विसरून जा. मळलेल्या पिठातला लिंबाएवढा तुकडा सरळ उभ्या ग्लासात दाबून भर, बाहेरून खूण कर आणि मोठ्या गोळ्याशेजारीच ठेव. पहिल्या वेळी ग्लासात दुप्पट दिसलं की बस. डब्यात घातल्यावर बोटाला मैदा लावून हलकं दाबायचं. खळगा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे. सावकाश आणि अर्धवटच भरला तर लगेच ओव्हनमध्ये. तसाच राहिला तर जास्त झालंय.

नवखा
जास्त झालं तर फेकायचं?

ओव्हनवाली
नाही रे, डब्यातून काढून, दाबून गॅस काढून परत वळायचं आणि परत फुगू द्यायचं, यीस्ट जिवंत असतं. या वेळी निम्म्या वेळातच वर येतं, म्हणून समोरच बसायचं. एकदा जमतं हे, पुन्हा पुन्हा नाही.

पहाटपाळी
आणि डब्यात पूर्ण फुलेपर्यंत थांबायचंच नाही. ओव्हनमधली शेवटची उडी शिल्लक ठेवायची. पहिल्या दहा मिनिटांत विरघळलेला गॅस बाहेर येतो, आधीचा गरमीने प्रसरतो, अल्कोहोल आणि पाण्याची वाफ होते, यीस्टही मरण्यापूर्वी जोरात काम करतं. मग साठ अंशांच्या पुढे स्टार्च फुलून घट्ट व्हायला लागतं आणि आकार पक्का होतो. मध्यभाग ९४-९५ अंश झाला की ब्रेड झाला. लवकर काढला तर भिंती ओल्याच राहतात आणि बाहेर आल्यावर कडा आत ओढल्या जातात.

सावकाश
सुरुवातीला ओव्हनमध्ये वाफ हवी, साल लवकर कडक झाली तर आतलं पीठ वर येऊच शकत नाही. मी झाकणाच्या जाड भांड्यात भाजतो, पिठातलीच वाफ पुरते.

चिमूटभर
पूर्ण गव्हाच्या पिठाचा कुणी करतं का? माझा कधीच दुप्पट होत नाही.

तिंबणारी
व्हायची वाटही बघू नकोस. कोंड्याचे टोकदार कण जाळं कापत राहतात. पाणी जास्त घाल, कारण कोंडा बराच वेळ पाणी पीत राहतो, आणि कालवून अर्धा-पाऊण तास नुसतं ठेव म्हणजे कोंडा मऊ पडतो, मग मळ. दीडपट झालं की ओव्हनमध्ये. निम्मा मैदा घालून सुरुवात केलीस तर हात बसेल.

मृण्मयी_२२
केला आज!! मैदा ५००, यीस्ट ५, मीठ ९, साखर २५, उकळून फ्रिजमध्ये गार केलेलं दूध ३२०, बटर मागाहून ४०. दूध १५ अंशांवर होतं, मळून झाल्यावर पीठ २७. ओव्हनचा दिवा नाही, ओट्यावरच ठेवलं. शेजारी खुणेचा ग्लास. पहिल्या फुगण्याला एक तास चाळीस मिनिटं लागली, माझा जीव वरखाली, पण थांबले. डब्यात पन्नास मिनिटं, काठाच्या बोटभर वर आल्यावर खळगा अर्धा भरून यायला लागला तेव्हा १९० वर ओव्हनमध्ये.

दारासमोर खुर्ची टाकून बसले होते. सातव्या-आठव्या मिनिटाला अजून बोटभर वर आला आणि तिथेच राहिला. बसला नाही. पस्तीस मिनिटांनी मध्यभाग ९५. वास पण गोडसर, दुधाळ, तो उग्रपणा अजिबात नाही. मला रडूच आलं थोडं. सगळ्यांचे मनापासून आभार, पहाटपाळीदादा तुमचे विशेष.

पहाटपाळी
वा! बोटभर उडी म्हणजे वेळ अचूक साधलीत. पीठ हाताला कसं लागलं या वेळी?

मृण्मयी_२२
बटर घातल्यावर दोन मिनिटं निसरडं झालं, ओव्हनवालीने सांगितलं नसतं तर मैदा ओतला असता. नंतर कानाच्या पाळीसारखं मऊ. वरून एक चिमूटही मैदा लागला नाही.

नवखा
कापला का? आतली जाळी कशी आहे?

मृण्मयी_२२
नाही अजून, जाळीवर गार होतोय. तासभर तरी थांबणार, आत अजून वाफ आहे. कापला की फोटो टाकते.